खुर्ची सोडायची आहे, पण द्यायची कुणाकडे?

काठावरची

येत्या वार्षिक सभेत मी आमच्या संस्थेचं अध्यक्षपद सोडतेय. नऊ वर्षं झाली. घटनेप्रमाणे तीन-तीन वर्षांच्या तीनच मुदती मिळतात आणि ते कलम मीच भांडून घालून घेतलं होतं, त्यामुळे आता कुरकुर करायची सोय नाही. सभेला अकरा आठवडे उरलेत. अध्यक्षपदासाठी आलेले अर्ज: शून्य.

आधी संस्थेबद्दल थोडं. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसांसाठी आम्ही काम करतो. साठेक सदस्य (सदस्य म्हणजे ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसंच), एक दिवसाचं केंद्र, आणि नऊ जण कायमचे राहतात असं एक घर. पगारी कर्मचारी चौदा. कार्यकारिणीतले आम्ही सात जण मात्र बिनपगारी, फावल्या वेळातले. (नेहमी होणारा घोळ आधीच निस्तरते. डिस्लेक्सिया वगैरे म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, ती वेगळी. तिथे एकूण बुद्धिमत्ता सर्वसाधारणच असते. मी बोलतेय ती अक्षमता लहानपणापासूनची. शिकणं, समजणं, रोजचे व्यवहार सांभाळणं या सगळ्यालाच जास्त वेळ आणि मदत लागते. ब्रिटनमध्ये यालाच 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधायला गेलं की हमखास गोंधळ होतो.)

मी पालक नाही, शिक्षिका नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. इतिवृत्त धड लिहिणारं कुणीतरी हवं होतं म्हणून मैत्रिणीने ओढून नेलं. दोन वर्षांनी सचिव झाले. मग एका सभेत "कोण होतंय अध्यक्ष?" असं विचारल्यावर सगळे आपापल्या वहीत डोकं खुपसून बसले आणि मी नेमकी मान वर केली. नेतृत्व म्हणतात ते माझ्या वाट्याला असं आलं.

पहिली तीन वर्षं मी सगळंच केलं. गळका नळ, संपलेली औषधं, रुसलेला स्वयंसेवक, देणगीदाराचा वाढदिवस. संस्थेचा फोन उशाशी असायचा. लोक म्हणायचे, तुमच्यामुळे संस्था चाललीय. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या वर्षी आम्ही दोन सदस्यांना बैठकीला बोलवायला लागलो. निरीक्षक म्हणून, मत नाही. त्यातला एक पंचेचाळिशीचा, डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असलेला. त्याला संस्थेत लहानथोर सगळे दादाच म्हणतात. पहिल्या तीन बैठकांत दादा एक शब्द बोलला नाही. समोरचे कागद एकावर एक ठेवायचा, टेबलावर ठोकून कडा जुळवायचा आणि बैठक संपली की गठ्ठा माझ्या हातात द्यायचा. चौथ्या बैठकीत खजिनदार राखीव निधीचा आकडा वाचत होते. दादाने मध्येच विचारलं, "राखीव म्हणजे कुणासाठी राखलेत?"

दोघं-तिघं हसले. खजिनदार समजावायला लागले, अडीअडचणीला असावेत, वगैरे. दादा म्हणाला, "कोणाची अडचण?"

यावर कुणालाच काही बोलता येईना. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम राखून ठेवावी असा संस्थांमध्ये संकेत आहे. आमच्याकडे चौदा महिन्यांची पडून होती. फार पूर्वी एकदा पगार थकले होते, त्या धास्तीने दरवर्षी थोडंथोडं बाजूला पडत गेलं आणि कुणी थांबवलं नाही. त्याच वर्षी 'पैसे नाहीत' म्हणून आम्ही सदस्यांचा संध्याकाळचा गट बंद केला होता. दादा त्या गटात होता. ताळेबंद वाचता येणारे आम्ही सातही जण तो ठराव मंजूर करताना हजर होतो.

गट दोन महिन्यांत पुन्हा सुरू झाला. ते असो.

आता माझा प्रस्ताव असा आहे की नव्या कार्यकारिणीत दोन जागा सदस्यांच्याच असाव्यात, मताच्या अधिकारासकट, आणि अध्यक्षपद दोघांनी मिळून सांभाळावं: एक सदस्य, एक बाहेरचा. पालकांचा याला कडकडीत विरोध आहे. एक काका म्हणाले, "तुमचं काय, तुम्ही चाललात. निस्तरायचं आम्ही." त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा संस्थांत काम केलंय का? काय चाललं, काय फसलं, ते सांगा. आणि कुणाला अध्यक्ष व्हायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. (विनोद नाही.)

पारावरचा

वाचतोय. राखीव निधीचा किस्सा आमच्या सोसायटीच्या सभेत वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

हिशेबनीस

ताई, तळमळ कळते, पण भावनेच्या भरात विश्वस्तपद म्हणजे काय ते विसरू नका. विश्वस्त हा जबाबदार धरला जातो. उद्या कुणी पैशांचा घोटाळा केला तर "मला समजलं नव्हतं" ही पळवाट माझ्यासारख्याला मिळत नाही, मग त्याला मिळणार का? आणि मिळणार असेल तर तो विश्वस्त कसा? चेकवर सही कोण करणार? आधी तुमच्या देशातला कायदा आणि तुमची घटना एखाद्या जाणत्या वकिलाकडून तपासून घ्या. मग ठराव.

दुसरं. दोन सह्यांशिवाय पैसा हलता कामा नये, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. सांगतोय कारण एका संस्थेत नवरा अध्यक्ष आणि बायको खजिनदार असं बारा वर्षं चाललेलं पाहिलंय. चोरी झाली नाही, पण झाली असती तर कळायला मार्गच नव्हता.

काठावरची

हिशेबनीस, वकिलाचं म्हणणं रास्त आहे, खूणगाठ बांधलीय. देशोदेशी नियम वेगळे असतात आणि काही ठिकाणी पालकत्वाच्या आदेशाखाली असलेल्या (म्हणजे कोर्टाने निर्णयांसाठी पालक नेमून दिलेल्या) व्यक्तीला विश्वस्त होता येत नाही. पण दिशा कुठली आहे ते बघा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. त्याचं १२ वं कलम सांगतं की कायद्यापुढे अपंग व्यक्तीची क्षमता इतरांइतकीच मानायची, आणि ती वापरायला मदत लागत असेल तर ती मदत पुरवायची. म्हणजे 'याला समजतं का?' एवढंच विचारून थांबायचं नाही, 'याला समजायला आपण काय केलं?' हेही विचारायचं. २९ वं कलम तर सार्वजनिक कामात आणि संस्थांत भाग घेण्याबद्दलच आहे.

सहीचं म्हणाल तर आजही सातांपैकी तिघांनाच सहीचे अधिकार आहेत. उरलेल्या चौघांना आपण कधी अपात्र म्हटलं नाही. आणि खरं सांगू? ताळेबंद कळतो असं तोंड करून बसणारे निदान दोन जण आमच्याकडे कायम होते.

हिशेबनीस

शेवटचं वाक्य मान्य. :)

पडद्यामागची

मी अशाच एका संस्थेत पगारी व्यवस्थापक आहे. स्वयंसेवक नेतृत्वाची दुसरी बाजू माझ्याकडून ऐका.

आमचे आधीचे अध्यक्ष देवमाणूस. रोज यायचे. हाच प्रॉब्लेम होता. कर्मचाऱ्यांना परस्पर सुट्टी देऊन मोकळे व्हायचे, मी नाही म्हटलेल्या गोष्टीला हो म्हणायचे, रात्री अकराला फोन करून "उद्या एक पाहुणे येताहेत, मुलांना छान तयार ठेवा" म्हणून सांगायचे. 'मुलं' म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांची माणसं.

एकदा ते स्वखर्चाने सगळ्या खोल्यांचे पडदे बदलून गेले. फिकट गुलाबी. हेतू चांगलाच. पण आमच्याकडे एक बाई राहतात, त्यांनी आपल्या खोलीचे निळे पडदे स्वतः दुकानात जाऊन निवडले होते. त्यासाठी दीड महिना लागला होता: आधी रंगांचे कागद, मग कापडाचे तुकडे, मग एकदा दुकानात जाऊन नुसतं बघून परत यायचं, मग दुसऱ्यांदा जाऊन घ्यायचे. त्या संध्याकाळी खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि आत जाईनात. रात्री हॉलमध्येच झोपल्या. जुने पडदे तोवर भंगारात गेलेले.

अध्यक्षांना सांगितलं तेव्हा त्यांचं उत्तर, "अहो, गुलाबी जास्त प्रसन्न दिसतो."

कार्यकारिणीने धोरण ठरवावं, पैशांवर नजर ठेवावी, मला जाब विचारावा, माझ्या पाठीशी उभं राहावं. पडदे त्यांनी बघू नयेत आणि मीही बघू नये. ज्याची खोली त्याने बघावेत. नवा अध्यक्ष शोधताना 'वेळ किती देणार' यापेक्षा 'कुठे थांबणार' ते विचारा.

काठावरची

पडदे वाचून पोटात गोळा आला. माझी पहिली तीन वर्षं आठवली. गुलाबी काही केलं नाही, पण भिंतींचा रंग मीच ठरवला होता. कुणाला विचारलं होतं ते आठवत नाही, म्हणजे विचारलं नव्हतं.

आईच

सगळं वाचलं. छान लिहिता तुम्ही सगळे. आता माझं ऐका.

माझी मुलगी एकतीस वर्षांची आहे. बोलत नाही. चालत नाही. भरवावं लागतं. हो आणि नाही तिच्या डोळ्यांतून मला कळतं, तिच्या बाबांना अर्धं कळतं, केंद्रातल्या एका ताईला थोडंफार. तुमचा दादा बैठकीत प्रश्न विचारतो, आनंद आहे. पण तो माझ्या मुलीच्या वतीने बोलणार का? त्याला तिच्याबद्दल काय ठाऊक? बोलता येणारे दोघं खुर्चीवर बसले की तुम्ही म्हणणार, झालं, 'त्यांचा' आवाज आला. आणि तिची फिजिओथेरपी बंद करून संध्याकाळच्या गटाला पैसे द्यायचा ठराव झाला तर? गटाला ती जाऊच शकत नाही.

ही संस्था पालकांनी उभी केली. तेव्हा दारात कुणी उभं करत नव्हतं आम्हाला. आता बाहेरून येऊन लोक सांगतात की पालकांनी जरा बाजूला व्हा.

रागाने लिहिलंय. तसंच राहू दे.

जुनी_पानं

आईच, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला इतिहास साक्षी आहे. १९४६ साली ब्रिटनमध्ये ज्यूडी फ्रिड नावाच्या एका आईने एका मासिकाला पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना साद घातली. त्यातून पालकांची संघटना उभी राहिली, तीच आजची मेनकॅप. अमेरिकेत १९५० मध्ये ठिकठिकाणचे पालकगट एकत्र आले, ती आजची 'द आर्क'. दोन्ही संस्थांची मूळ नावं आज उच्चारायलाही संकोच वाटेल अशी आहेत, पण त्या काळी तेच शब्द रूढ होते. सरकारं मोठमोठ्या कोंडवाड्यांपलीकडे काही देत नव्हती तेव्हा शाळा, केंद्रं, घरं या आयाबापांनी उभी केली. सगळे बिनपगारी.

पण दुसरा धागाही तितकाच जुना होत आलाय. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांच्या स्वतःच्या बैठका सुरू झाल्या. १९७४ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात सेलम शहरातल्या अशाच लोकांनी स्वतः परिषद भरवली. नाव ठेवलं 'पीपल फर्स्ट', कारण त्यांना लेबलाआधी माणूस म्हणून ओळखलं जायला हवं होतं. ती चळवळ पुढे बऱ्याच देशांत गेली. म्हणजे काठावरचींचा प्रस्ताव काही आजची फॅशन नाही, पन्नास वर्षं मुरलेली गोष्ट आहे. पालकांच्या संस्थांनी त्यांना खुर्ची द्यायला वेळ लावला, एवढंच.

अवांतर: शब्दांवरून आठवलं. मतिमंद, गतिमंद, विशेष, दिव्यांग... दर पंधरा-वीस वर्षांनी नवा शब्द येतो आणि शाळेच्या मैदानावर त्याची शिवी व्हायला दोन वर्षं पुरतात.

तिरकस

मी एका संस्थेत असा 'लाभार्थी प्रतिनिधी' पाहिलाय. बिचाऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून बसवायचे. अध्यक्ष विचारायचे, "काय, बरोबर आहे ना?" तो म्हणायचा "हो." इतिवृत्तात 'सर्वानुमते'. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो. ठरावाच्या विरोधात एकदा तरी मत दिलं का त्याने? नाही. विचारलंच कुणी तसं?

शोभेचं झाड नको असेल तर एवढं करा: 'बरोबर आहे ना' हे तीन शब्द बैठकीत बंद.

सोपे_शब्द

तिरकस यांच्या म्हणण्याला जोड देते. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांचा प्रश्न नीट कळला नाही की 'हो' म्हणण्याकडे कल असतो, हे १९८१ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलंय. आयुष्यभर 'हो' म्हटल्यावरच कौतुक झालेलं असतं, दुसरं काय होणार. उपाय साधा आहे, प्रश्न फिरवून विचारायचा. "गट चालू ठेवायचा ना?" असं न विचारता "गट मंगळवारी हवा की गुरुवारी, की नकोच?" आणि नंतर पर्यायांचा क्रम उलटा करून पुन्हा विचारायचं. दोन्ही वेळा शेवटचाच पर्याय निवडला तर समजायचं की प्रश्न पोचलाच नाही.

मी दोन संस्थांमध्ये अशा सदस्यांची सहायक म्हणून बैठकांना बसले आहे. अनुभवातून सांगते.

कागद आठवडाभर आधी द्यायचे आणि सोप्या भाषेत. एका वाक्यात एकच गोष्ट. अक्षर मोठं, १४ पॉइंटच्या खाली नाही. डावीकडे चित्र, उजवीकडे मजकूर. आकडे असतील तर टक्के नकोत. दहा ठोकळे ठेवायचे आणि त्यातले किती पगाराला, किती घराला ते उचलून दाखवायचं. बैठकीच्या आदल्या दिवशी तासभर बसून सगळं वाचून घ्यायचं. हा तास चुकवला की बैठकीतले दोन तास फुकट.

प्रत्येकापुढे तीन कार्डं. हिरवं म्हणजे पटलं, पिवळं म्हणजे कळलं नाही, लाल म्हणजे थांबा. 'पीपल फर्स्ट'च्या गटांत हे सर्रास वापरतात. कार्डं *सगळ्यांना* द्यायची हं, फक्त त्या दोघांना नाही. आमच्याकडे पहिल्याच बैठकीत सर्वात आधी पिवळं कार्ड उचललं ते एका निवृत्त इंजिनिअरनी. 'सुधारित अंदाजपत्रकातील तफावत' या वाक्याला.

आणि सहायक संस्थेचा कर्मचारी नको. ज्याच्या हातात सकाळी तुमच्या आंघोळीची वेळ आहे त्याच्यासमोर त्याच्याविरुद्ध कोण बोलणार?

काठावरची

शेवटचं वाक्य आमच्या प्रस्तावात नव्हतं. आता आहे. आभार.

धाकटा

पहिल्यांदाच लिहितोय इथे, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीला बौद्धिक अक्षमता आहे. आई-बाबा दोघंही त्यांच्या संस्थेच्या कार्यकारिणीत, तिथले बाकी सगळेही त्यांच्याच वयाचे. म्हणजे सत्तरीच्या पुढचे. बैठकीत दर वेळी विषय एकच: आमच्यानंतर काय? पण 'आमच्यानंतर संस्थेचं काय' हे कुणीच विचारत नाही. बहिणीच्या नावे मृत्युपत्र आहे, पैसे बाजूला आहेत, तिला कुठली औषधं कधी द्यायची त्याची वही आहे. संस्थेच्या कपाटाची किल्ली मात्र एकट्या बाबांकडे. बँकेचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात.

हा प्रश्न आधीच्या पिढीला इतका भेडसावत नव्हता, कारण मुलं आधी जायची. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं, आज ते साठच्या घरात आहे. चांगलंच झालं. पण आता बरीचशी मुलं पालकांच्या मागे राहणार. शिवाय २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असल्याने त्यांना अल्झायमर लवकर गाठतो, चाळिशी-पन्नाशीतच. तेव्हा काठावरची ताई, तुमच्या दादाच्या म्हातारपणाची तयारी आताच सुरू करायला हवी. पुढच्या अध्यक्षाला कळायला हवं की घराच्या पायऱ्या, रात्रपाळी, विसरायला लागलेल्या माणसाची काळजी, हे सगळं दहा वर्षांत टेबलावर येणार.

आणि एक. सगळे गृहीत धरतात की बाबांची खुर्ची मी घेणार. माझं बहिणीवर प्रेम आहे. मला सभा आवडत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे कुणाला पटत नाही.

पडद्यामागची

धाकटा, पटतं. भाऊ म्हणूनच राहा. आमच्याकडे ज्यांना विश्वस्त, समन्वयक, काळजीवाहू, ड्रायव्हर सगळे आहेत पण भेटायला येणारं कुणी नाही, असे चार जण आहेत.

काठावरची

धाकटा, 'आमच्यानंतर काय' हे वाक्य नऊ वर्षांत हजारदा ऐकलं, समोरच्याचा हात हातात घेऊन ऐकलं. पालक या प्रश्नाची तयारी आयुष्यभर करतात. मी संस्थेबाबत एक दिवसही केली नाही. मुदतीचं कलम घातलं आणि वाटलं झालं काम. आज माझ्या जागी यायला कुणी नाही, कारण त्या जागेत दुसरं कुणी मावेल इतकी जागाच मी ठेवली नाही. 'तुमच्यामुळे चाललीय' हे ऐकायला बरं वाटायचं म्हणाले ना, त्याचीच ही किंमत.

म्हणून कालपासून मी सगळी कामं लिहून काढतेय. छप्पन्न निघाली. त्यातली एकोणीस अध्यक्षाची नव्हतीच. पडदे प्रकारातली होती.

तिरकस

काठावरची, हे कौतुकास्पद, पण 'तुमच्यामुळे चाललीय' मध्ये नुसता अहंकार नसतो, धोका असतो. ज्याँ व्हानिएचं उदाहरण घ्या. १९६४ साली फ्रान्समध्ये दोन बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांबरोबर एका घरात राहायला लागला, त्यातून 'लार्श' नावाची घरं जगभर उभी राहिली. जिवंतपणी लोक त्याला संत म्हणत. २०१९ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीत निघालं की त्याने किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली. २०२३ च्या अहवालात तो आकडा किमान २५ वर गेला. त्या स्त्रिया बौद्धिक अक्षमता असलेल्या नव्हत्या, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की ज्याला कुणी प्रश्न विचारत नाही असा माणूस संस्थेत असणं हाच धोका.

संस्थेने स्वतः चौकशी लावली आणि निष्कर्ष छापले, त्याचं श्रेय मात्र द्यायला हवं. बऱ्याच जणांनी फाइल दाबली असती.

सोपे_शब्द

आणि प्रश्न विचारलाच तर तो कुठे जातो हेही बघायला हवं. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयातल्या एका परिचारकाने तिथली मारहाण वरिष्ठांना कळवली, मग सरकारी तपासणी यंत्रणेला कळवली. काही हललं नाही. २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने ते दाखवलं तेव्हा देश हादरला. अकरा कर्मचारी दोषी ठरले. तक्रार झाली होती हो, तीही वेळेवर.

म्हणून कार्यकारिणीत एक माणूस असा हवा ज्याच्याकडे सदस्य, कर्मचारी, स्वयंसेवक कुणीही थेट जाऊ शकेल, व्यवस्थापकाला आणि अध्यक्षाला वळसा घालून. त्याचा फोटो भिंतीवर लावा. नाव नाही, फोटो. वाचता न येणाऱ्यालाही कळलं पाहिजे कुणाकडे जायचं.

आईच

दोन दिवस विचार केला. फोटोचं पटलं. पण तिने फोटोकडे बघून काय करायचं, तिला जाता येत नाही, हे अजून तसंच आहे.

एक सुचतंय. आम्ही तिच्यासाठी एक पान केलं होतं, इस्पितळात दाखल करायची वेळ आली तेव्हा. तिला काय आवडतं, दुखलं की ती काय करते (डावा हात तोंडाजवळ नेते, ओरडत नाही), 'नको' कसं सांगते. नव्या नर्सलासुद्धा त्या पानामुळे कळलं. अशी पानं घरातल्या न बोलणाऱ्या प्रत्येकाची असतील, आणि घराबद्दलचा कुठलाही ठराव करण्याआधी ती टेबलावर ठेवून मोठ्याने वाचायची सक्ती असेल, तर मी विरोध करणार नाही. पाठिंबा देईन असंही म्हणत नाही. विरोध करणार नाही.

काठावरची

आईच, प्रस्तावात शब्दशः घेतलं. 'मोठ्याने वाचायची' सकट.

पारावरचा

अकरा आठवडे झाले. काय झालं शेवटी?

काठावरची

झाली सभा काल. सांगते.

सदस्यांच्या दोन जागांचा ठराव ३४ विरुद्ध २१ ने मंजूर. न बोलणाऱ्यांच्या पानांचा ठराव एकमताने, विरोधातल्या काकांसकट. दोघांनी मिळून अध्यक्षपद सांभाळायचा ठराव मी मागे घेतला. कारण दादा. त्याला मी आदल्या दिवशी विचारलं, कार्डं, चित्रं, उलटा क्रम, सगळं करून. त्याने लाल कार्ड उचललं. म्हणाला, "बैठक लांब असते. मला गट बघायचाय." मी इतकी वर्षं गृहीत धरून होते की त्याला खुर्ची हवी आहे. विचारलं होतं का? तर नाही.

तो कार्यकारिणीत आहे, संध्याकाळच्या गटाचं काम त्याच्याकडे. दुसऱ्या जागेवर घरात राहणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी निवडणुकीच्या भाषणात एकच मागणी केली: रात्री नऊला दिवे बंद करायचा नियम काढा. टाळ्या त्यांनाच सगळ्यात जास्त. अध्यक्ष म्हणून खजिनदारांनी एका वर्षासाठी होकार दिलाय, "एकच" हा शब्द तीनदा उच्चारून. म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर बारा महिने पुढे ढकललं गेलंय, सुटलेलं नाही. छप्पन्न कामांची यादी सात जणांत वाटली. नऊ कामं कुणीच घेतली नाहीत. त्यातली सहा नाही झाली तरी चालतील असं दिसतंय.

किल्ल्यांचा जुडगा दिला. अकरा किल्ल्या, त्यातल्या तीन कुठल्या कुलपाच्या ते मलाही ठाऊक नाही.

सभा संपल्यावर दादाने कागद गोळा केले, टेबलावर ठोकले, कडा जुळवल्या आणि सवयीने माझ्यापुढे धरले. मी खजिनदारांकडे बोट दाखवलं. त्याने त्यांना दिले. मग परत आला.

"ताई, तू उद्या येणार?"

"उद्या नाही रे. गुरुवारी. गटाला."

"सात वाजता," तो म्हणाला. "उशीर करू नको."

हिशेबनीस

अभिनंदन. बँकेतल्या सह्या बदलून घेतल्या का?

काठावरची

उद्या जातेय.